आडव्या तात्यांचा होकार

तात्या कोणत्याही गोष्टीला आधी नाही म्हणत. चहा घेता का विचारलं तर "कशाला?" बसा म्हटलं तर "उभाच बरा हाय." त्यांच्या नातवाच्या बारशाला मी नाव छान ठेवलंत म्हणालो, तर म्हणाले, "काय छान? शालंत पोरं चिडवतील त्याला." मग त्यांना समजवायचं, कारणं द्यायची, आणि सगळी कारणं देऊन झाली की मान डोलावून ते म्हणत, "हां. आता माझाबी होकार." मग चहाही घेत, बसतही, आणि बशी रिकामी झाल्यावर आणखी अर्धा कप मागून घेत. नवख्याला वाटे म्हातारा भांडखोर आहे. गावात मात्र त्यांना 'आडवे तात्या' म्हणत आणि त्या म्हणण्यात मान होता.

त्यांचं गाव भिवंडीजवळच्या वळ गावाच्या पलीकडे, गोदामांच्या पत्र्यांमागे, खाडीच्या अंगाला. नाव देत नाही. तसली गावं या पट्ट्यात पुष्कळ आहेत आणि एकट्या त्याच गावाला बोल लावण्यात अर्थ नाही. तिथे गावकीची एक रीत होती. जत्रेची वर्गणी असो, देवळाचा रंग असो, एखाद्या मुलीची सोयरीक असो, बैठकीत सगळ्यांचं पटकन एकमत झालं की म्हातारी माणसं अस्वस्थ होत. एवढं लवकर जुळलं म्हणजे कुणाच्या तरी पोटात काहीतरी राहिलंय. मग एकाला सांगत, "तू आडवा बस." आडवा बसणाऱ्याने सुचतील तेवढ्या शंका काढायच्या, अगदी वेड्यावाकड्याही, आणि बाकीच्यांनी त्या एकेक करून फेडायच्या. सगळ्या फिटल्या की त्याने सर्वांदेखत होकार द्यायचा आणि पान घ्यायचं. ठराव पक्का होई तो तेव्हा. उद्या पारावर कुणी कुरकुर केली तर त्याला सांगता येई, बाबा रे, तुझी शंका कालच निघाली होती आणि तिचं उत्तरही झालं. हे काम तात्यांच्या घराण्याकडे त्यांच्या आज्यापासून चालत आलं होतं, आणि सरपंचकी मिळाली असती तरी तात्यांनी ते सोडलं नसतं.

माझी आणि त्यांची ओळख झाली ती मात्र गावात नव्हे, कॅमेऱ्यापुढे. मी भिवंडीत एका शाळेत भूगोल शिकवतो. आमच्या शहरात एक केबल चॅनेल आहे. त्याचा मालक, संपादक आणि निवेदक एकच गृहस्थ. त्याला आम्ही नुसतं साहेब म्हणू. चॅनेलची जागा सुताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आणि दोन्ही बाजूंना कापडाचे लूम. लूम चालू असले की माइकमध्ये खटखटीशिवाय काही येत नाही, म्हणून रेकॉर्डिंग शुक्रवारी, लूमच्या सुट्टीच्या दिवशी. एका उन्हाळ्यात विजेचा फारच खेळखंडोबा झाला, तेव्हा साहेबाने चर्चा ठेवली. पडद्याखालच्या पट्टीवर लिहिलं होतं, 'हवामान बदल : खरं की थोतांड?' मी 'खरं'च्या खुर्चीत. 'थोतांड'च्या खुर्चीत बसायला कुणी मिळेना. साहेबाच्या ड्रायव्हरला तात्यांबद्दल ठाऊक होतं. तो म्हणाला, आमच्याकडे एक माणूस आहे, कशालाही आडवा बसतो.

तात्या आले ते कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, खिशात पान घेऊन. मी माझे आलेख काढले, पाऊस कसा बदलतोय, समुद्राची पातळी कशी चढतेय ते सांगितलं. तात्या म्हणाले, "खाडी पयल्यापासून वर येते आनि खाली जाते. तिला काय मास्तरनी शिकवलंय?" कॅमेरामन फिसकन हसला. मी सौर ऊर्जेकडे वळलो. पाण्याचे पंपसुद्धा उन्हावर चालतात, म्हटलं. तात्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "आनि सूर्य बुडल्यावर? रातच्याला चांदन्यावर पानी चढवनार काय?"

हे वाक्य पुढे गाजलं. त्याचं उत्तर मी तिथल्या तिथे दिलं होतं, आणि ते सोपं आहे. पंप रात्री चालवायचाच नाही. दिवसा टाकी भरून ठेवायची आणि हवं तेव्हा नळ सोडायचे. तात्यांनी ते नीट ऐकून घेतलं, आणखी दोन शंका काढल्या, ढगाळ दिवसाची आणि दुरुस्तीची, आणि शेवटी खिशातलं पान काढून म्हणाले, "हां, फिटलं. आता माझाबी होकार." मला वाटलं होतं, या माणसाशी आता बाहेर जिन्यातही भांडावं लागणार.

रविवारी कार्यक्रम लागला तेव्हा तो चांदण्यावर संपला. पुढे साहेबाचा चेहरा आणि "तुम्हाला काय वाटतं, आम्हाला जरूर कळवा." टाकी नाही, ढग नाही, होकार नाही. मी फोन केला तर साहेब म्हणाला, "सर, वेळेत बसवावं लागतं. आणि होकार कोण बघतो? होकाराला व्ह्यूज नसतात." त्याचं बोलणं मला तेव्हा उर्मटपणाचं वाटलं. आता वाटतं, त्याच्या धंद्याबद्दल इतकं खरं तो दुसऱ्या कुणाजवळ बोलला नसेल.

त्यानंतर आम्हा दोघांना कितीतरी वेळा बोलावलं गेलं. विजेच्या गाड्या, गोदामांच्या पत्र्यावरचे सोलर, पवनचक्क्या, कोळसा; विषय फिरत, खुर्च्या त्याच. मी कंटाळत गेलो. वर्गात एकदा सिद्ध झालेली गोष्ट पुढच्या वर्षी नव्या मुलांना शिकवायला मला कंटाळा येत नाही, पण त्याच माणसांपुढे तीच गोष्ट दर उन्हाळ्यात पुन्हा 'खरं की थोतांड' म्हणून मांडायची, म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. साहेब कानात सांगे, "सर, एनर्जी कमी पडतेय, थोडं चिडा ना." कॅमेरामन म्हणे, "सर, थोड़ा गुस्सा दिखाओ, चाचा को देखो." चाचा मात्र दर वेळी नवे कोरे. त्यांना विचारलं, तात्या, तुम्हाला दमायला होत नाही? तर म्हणाले, "एवढा मोटा ठराव हाय मास्तर, सगल्या जगाचा. त्याला कोन आडवा बसनार न्हाय तर तो पक्का कसा व्हनार?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तात्या त्या स्टुडिओला गावकीची बैठक समजत होते. त्यांच्या मते ते माझ्याच कामाला मदत करत होते. कार्यक्रम ते कधी बघत नसत. रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे बहुधा वीजच नसे, आणि असली तरी "आपन बोललो ते आपल्याला ठावं हाय, परत काय बघायचं?" होकार कापला जातो हे मी त्यांना सांगितलं होतं. त्यावर त्यांनी हात झटकला. "कापला तर कापला. दिला तर होता ना? तुमी होते, तो क्यामेरावाला होता. चार मानसांत दिलेला होकार कुटं जातो?"

एका शुक्रवारी रेकॉर्डिंगनंतर त्यांनी मला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि गावाकडे नेलं. मानकोलीच्या नाक्यावर कंटेनरांच्या रांगेत आम्ही इतका वेळ उभे होतो की दोघांचेही सदरे घामाने अंगाला चिकटले. गावामागच्या खाडीच्या बांधावर त्यांनी गाडी उभी केली. बांधाच्या आतल्या बाजूला त्यांचं भाताचं शेत होतं. आता तिथे नुसता खारा चिखल आणि कडेला चिंबोरी खेकड्यांची बिळं. "माझा बाप हितं भात लावायचा," ते म्हणाले. "उधानाचं पानी बांधाच्या खाली राहायचं. आता वरून येतं. कोन बोलतो थोतांड?" मी म्हटलं, तुम्हीच बोलता. ते खूप हसले. मग म्हणाले, "ते आडवं बसल्यावर. ही माझी जमीन हाय."

घरी काकींनी चहा केला. तात्यांच्या बायकोला सगळं गाव काकीच म्हणे. चहा देताना त्या सारख्या नळाकडे कान देऊन होत्या. फीडरवरची वीज कधी जाईल, पंप कधी चालेल आणि पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता. आलं की हातातलं टाकून हंडे लावायचे. नाहीच आलं तर टँकर, आणि टँकरपाशी बायकांची झोंबाझोंबी. काकींचे गुडघे गेले होते. त्या भिंतीला धरून चालत आणि तरी पाण्याला सुनेच्या आधी उठत. तात्या माझ्याशी बोलता बोलता त्यांच्याकडे बघत होते.

त्याच वर्षी त्यांनी ग्रामसभेत सौरपंपाची सूचना मांडली. स्वतः मांडली, आयुष्यात पहिल्यांदा. गावच्या पाण्याच्या टाकीजवळची आपली तुकडाभर जमीन पॅनेलला देऊ केली. समजावून सांगायला मला नेलं होतं. मी टाकीचं सांगितलं, ढगाचं सांगितलं, दुरुस्तीचं सांगितलं. तात्या ताठ बसून होते आणि कुणीतरी आडवं बसावं म्हणून इकडेतिकडे बघत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एकाने मोबाइल माइकला लावला, आणि हॉलभर तात्यांचाच आवाज घुमला, "रातच्याला चांदन्यावर पानी चढवनार काय?"

सगळे हसले. सगळ्यांत आधी तात्याच हसले, सवयीने. त्यांना वाटलं, चला, बैठक सुरू झाली. ते उभे राहून टाकीचं उत्तर देऊ लागले, पण ऐकायला कुणी थांबलंच नाही. कुणी म्हणालं, "तात्या, तुमीच टीव्हीवर बोलले, हे सगलं फसवनूक हाय." कुणी म्हणालं, "जमीन तुमची हाय, भाडं मिलनार म्हनून आता पलटी मारली." तात्या म्हणत राहिले, "अरे, ते आडवं बसलो व्हतो. मागनं होकार दिला मी. मास्तरना विचारा." मी उठून सांगितलं. पण मी दुसऱ्या खुर्चीतला. माझ्या सांगण्याला काय किंमत? ठराव बारगळला. मोबाइल लावणाऱ्याच्या भावाचा टँकर होता, त्याचं मी समजू शकतो. पण बाकीच्यांचं काय? त्यांच्याही घरी हंडेच होते. गावकीची रीत माहीत असलेली म्हातारी माणसं त्या हॉलमध्ये जेमतेम मूठभर उरली होती आणि ती खाली मान घालून बसली.

तात्यांनी मग साहेबाला गाठलं. "माझा होकार दाखवा," एवढंच मागणं. जुनं रेकॉर्डिंग साहेबाने ठेवलेलं नव्हतं, कापलेलं कोण ठेवतो? त्याने नवा कार्यक्रम करू म्हटलं, फक्त आता तात्या या बाजूला आल्यावर त्या बाजूला कुणीतरी हवं. कशेळीकडचा एक तरुण मिळाला. त्याचं स्वतःचं मोबाइलवर चॅनेल होतं आणि बोलणं चुरचुरीत. कॅमेरा सुरू झाला आणि त्याने पहिलंच वाक्य टाकलं ते चांदण्याचं. मग खाडी पहिल्यापासून वर-खाली होते, तेही. तात्यांचीच वाक्यं, तात्यांच्याच ठेक्यात. तात्यांचा चेहरा फुलला. ते एकेक शंका फेडत गेले, इतक्या साध्या आणि गोड भाषेत की मला त्यात बोलायची गरजच पडली नाही. माझ्या आयुष्यात या विषयावर याहून चांगलं बोललेलं मी ऐकलेलं नाही.

संपल्यावर तात्यांनी खिशातलं पान काढून त्या तरुणापुढे धरलं. "चांगला बसलास बाला. आता होकार दे."

"कसला होकार?"

"सगल्या शंका फिटल्या ना?"

तो तरुण वाईट नव्हता. काहीसा गोंधळूनच म्हणाला, "काका, मी जे बोललो ते खरंच मानतो. हे सगळं थोतांडच आहे. उलट मी तुमचे जुने व्हिडिओ बघूनच या विषयात आलो."

तात्यांनी पान परत खिशात ठेवलं. जिना उतरताना त्यांनी माझा हात धरला. एरवी धरत नसत. खाली रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "मास्तर, तो खराच आडवा हाय." आणि थोड्या वेळाने, "मीच वाट दावली त्याला." मी काहीतरी समजुतीचं बोललो. ते ऐकत नव्हते.

तो कार्यक्रम लागलाच नाही. "भांडण झालं नाही सर, नुसतंच समजावणं झालं," साहेब म्हणाला. त्या तरुणाने आपल्या पहिल्या चार वाक्यांचा तुकडा स्वतःच्या चॅनेलवर टाकला, तो मात्र आमच्या शाळेच्या शिक्षकांच्या ग्रुपवरही आला.

त्यानंतर तात्या घरोघर फिरले. संध्याकाळी सदरा घालून निघायचे, एकेका ओट्यावर बसायचे आणि सांगायचे, माझा होकार आहे बरं का, पंपाला. लोक चहा देत. ऐकून घेत. "हो हो तात्या," म्हणत, आणि ते गेल्यावर मोबाइलमध्ये डोकं घालत. एकदा मी सोबत होतो. एका घरातल्या सुनेने हसत विचारलं, "तात्या, ते चांदन्यावालं एकदा बोलून दावा ना." तात्यांनी म्हणून दाखवलं नाही. चहाही न घेता उठले, आणि या वेळी त्यांना कुणी आग्रह केला नाही. मला त्या दिवशी त्यांची फार दया आली आणि गावाचा फार राग आला, आणि दोन्हीचा काही उपयोग नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. उन्हाने गेले असं मी म्हणणार नाही. वय झालं होतं, आणि असल्या विधानाला तात्यांनीच पुरावा मागितला असता. घरच्या घरीच, दुपारच्या झोपेत गेले. मी पोचलो तेव्हा वीज नव्हती आणि अंत्यविधीचं पाणी टँकरमधून घेतलं होतं.

चॅनेलने श्रद्धांजली दाखवली. कोपऱ्यात फुलांचा हार, खाली 'रोखठोक व्यक्तिमत्त्व हरपलं', आणि मध्ये तात्या, इस्त्रीच्या सदऱ्यात, तेच वाक्य म्हणताना. साहेबाचा हेतू चांगला होता. त्याच्याकडे तात्यांचं तेवढंच होतं.

दिवस झाल्यावर मी काकींना भेटायला गेलो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. सुनेने त्यांना ती श्रद्धांजली मोबाइलवर दाखवली होती. त्यांनी तात्यांना पडद्यावर पहिल्यांदाच पाहिलं.

"चांगले दिसतात," त्या म्हणाल्या. "सदरा मीच धुतलेला." मग, "मास्तर, हे आता राहनार का? मोबाइलात?"

"राहणार काकी."

"आमी सगली गेल्यावर पन?"

"हो."

"आनि होकार दिला ते?"

ते कुठेही नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून मान हलवली, जशी बाजारातला भाव ऐकून हलवतात. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्यासाठी मागत व्हते ते पंप. लोकांना वाटलं जमिनीसाठी." आणि मग, "तुमाला लिवता येतं ना? मंग कुटंतरी लिवून ठेवा."

पुढच्या महिन्यात साहेबाचा फोन आला. विषय पुन्हा तोच, समोर तो कशेळीचा तरुण. मी नाही म्हणालो. दमलो आहे म्हणालो, आणि ते खरं होतं. मग माझ्या घराच्या ओट्यावर येऊन बसलो आणि काकींनी सांगितलेलं काम करायला घेतलं. ते लांबलं, कारण नुसता होकार लिहिला असता तर तो कुणाचा आणि कसा हे कुणाला कळलं नसतं. पण लिहायचं होतं ते एवढंच : गावच्या सौरपंपाला तात्यांचा होकार होता.